सहा फळ्या, एक वाटमाऱ्या : गोयाच्या ‘मारागातो’ चित्रमालेच्या श्राव्य वर्णनाच्या प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी

आमच्या वाचनगटातील दृष्टिहीन सभासदांसाठी एका चित्राचे मराठीत श्राव्य वर्णन तयार करावे, असे मागच्या बैठकीत ठरले होते आणि विषय होता वाटमारी. माझ्या मनात प्रथम आले ते स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोयाने माद्रिदजवळच्या, ओसुना या सरदार घराण्याच्या बंगल्यासाठी रंगवलेले, घोडागाडीवरील दरोड्याचे मोठे चित्र. १७८७ च्या मे महिन्यात गोयाने स्वतःच लिहून दिलेल्या देयकात त्याचे वर्णन आहे : गाडीवानांना आणि प्रतिकार करणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याला ठार करून दरोडेखोर आता एका स्त्रीला आणि एका पुरुषाला बांधण्याच्या बेतात आहेत. चित्रकारानेच केलेले वर्णन हाती असताना आपण वेगळे काय सांगणार, असे वाटून थोडा वेळ हुरूप आला आणि तेवढ्याच वेळात तो मावळलाही, कारण ते चित्र खासगी संग्रहात आहे आणि वर्णनासाठी लागणारे बारकावे दिसतील अशी प्रतिमा माझ्याजवळ नाही.

म्हणून त्याच चित्रकाराची दुसरी मालिका निवडली. १८०६ च्या सुमारास त्याने लाकडी फळ्यांवर तैलरंगात केलेली सहा लहान चित्रे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि त्या संग्रहालयाने त्यांच्या मोठ्या प्रतिमा सर्वांना वापरता येतील अशा खुल्या केल्या आहेत. एका वाटमाऱ्याची आणि त्याला पकडणाऱ्या एका संन्यासी बंधूची ही कथा सहा दृश्यांत सांगितलेली आहे. प्रत्येक फळीला जास्तीत जास्त दोन मिनिटे, एवढी मर्यादा मी स्वतःलाच घालून घेतली आहे.

१५ फेब्रुवारी

आज घटनेची माहिती एकत्र लिहून काढली, कारण वर्णन करताना चित्रात काय दिसते आणि मला बाहेरून काय माहीत आहे यांत सरमिसळ होऊ द्यायची नाही.

पेद्रो पिन्येरो हा तुरुंगातून पळालेला कैदी. लोक त्याला ‘एल मारागातो’ म्हणत. १० जून १८०६ रोजी स्पेनमधील तोलेदो प्रांतात, ओरोपेसा गावाजवळच्या एका घरात त्याने माणसांना बंदुकीच्या धाकाने डांबून ठेवले होते. तिथे पेद्रो दे थाल्दिविया नावाचा, फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या अनवाणी शाखेतील एक साधा बंधू येऊन पोहोचला. त्याने वाटमाऱ्यापुढे जोडा धरला, वाटमाऱ्याचा हात त्या जोड्याकडे गेला आणि तेवढ्यात बंधूने बंदुकीला हात घातला. पुढे झटापट झाली, मारागातो घोड्याकडे पळाला, त्याला मांडीत गोळी लागली आणि त्याला दोराने बांधण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माद्रिदला त्याला फाशी झाली. ही हकिकत छापील बातम्या, गाणी आणि चित्रपत्रके यांतून देशभर पसरली. गोया त्या वेळी साठ वर्षांचा, राजाचा प्रथम दरबारी चित्रकार होता. ही सहा चित्रे मात्र त्याने कोणी सांगितली म्हणून नव्हे, तर स्वतःसाठी रंगवलेली दिसतात.

‘मारागातो’ हे आडनाव नव्हे. लेओन प्रदेशात आस्तोर्गा शहराच्या आसपासचा भाग मारागातेरिया म्हणून ओळखला जातो. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या खेचरांवरून मालवाहतूक करत आणि सोपवलेला माल सुखरूप पोहोचवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. ज्यांच्या हाती माल निर्धास्त सोपवावा अशा लोकांचे नाव वाटेवर माल लुटणाऱ्याला चिकटावे, ही गोष्ट वर्णनात बसणार नाही, पण प्रास्ताविकात एका वाक्यात सांगण्याजोगी आहे.

१९ फेब्रुवारी

सबंध दिवस शब्दांवर गेला. ‘दरोडेखोर’ म्हटले की टोळी डोळ्यांपुढे येते आणि हा माणूस तर सहाही चित्रांत एकटा आहे. ‘लुटारू’ हा शब्द फार ढोबळ आहे. ‘पेंढारी’ हा मोह काळाच्या दृष्टीने रास्त होता, कारण १८०६ मध्ये माळव्यात घोड्यावरून लूटमार करणाऱ्या पेंढाऱ्यांचा काळ चालूच होता. परंतु तो शब्द योजताच ऐकणारा स्पेनमधून उठून नर्मदेकाठी जाऊन बसेल. ‘वाटमाऱ्या’ हा शब्द नेमका आहे, जुना असला तरी कळणारा आहे आणि उच्चारताना त्यात चापट बसल्यासारखा आघातही आहे. तोच ठेवला.

बंदुकीचेही तसेच झाले. आपल्याकडील ऐतिहासिक लिखाणात ‘तोड्याची बंदूक’ वारंवार भेटते, पण तोडा म्हणजे पेटती वात आणि स्पेनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरात होती ती चकमकीची बंदूक. शिवाय ती ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची. एकदा बार उडाला की पुन्हा ठासेपर्यंत तिची केवळ काठी उरते. ही माहिती कोरडी वाटली तरी चौथ्या आणि पाचव्या फळीचा सगळा जीव तिच्यात आहे, हे संध्याकाळी चित्रे पुन्हा ओळीने पाहताना लक्षात आले.

सर्वांत अवघड गेले ते बंधू पेद्रोच्या नावाआधी लागणाऱ्या ‘फ्राय’ या पदवीचे मराठीकरण. ‘साधू’ किंवा ‘गोसावी’ लिहिले तर कथा पंढरपूरच्या वाटेवर जाते. ‘पाद्री’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि गोव्यात तो रोजच्या बोलण्यात आहे, म्हणून पणजीच्या एका जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, “अगो, पाद्री म्हणजे दीक्षा घेतलेला, मीस म्हणजे चर्चमधली उपासना सांगणारा. हा तर साधा ब्रदर दिसतो तुझा. जुन्या गोव्याचं सां फ्रांसिस्कुचं चर्च आठवतं ना, त्याच पंथाचा. पाद्री म्हटलंस तर आमच्याकडचे लोक हसतील.” तिचे म्हणणे मान्य केले. प्रास्ताविकात ‘फ्रान्सिस्कन पंथाचा, दीक्षित धर्मगुरू नसलेला साधा बंधू’ असे एकदा सांगायचे आणि पुढे सर्वत्र ‘फ्राय पेद्रो’ म्हणायचे, असे ठरवले.

२३ फेब्रुवारी

प्रत्येक फळी साधारण २९.२ सेंटीमीटर उंच आणि ३८.५ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे ए-थ्री कागदाहून किंचित लहान. त्या मापाचे सहा पुठ्ठे कापून मी आमचे पहिले श्रोते असलेल्या निवृत्त संगीतशिक्षकांच्या घरी नेले. ते जन्मांध आहेत. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. सहा पुठ्ठे एका ओळीत मांडले तर २३१ सेंटीमीटर लांबी होते आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ती मावेना, म्हणून सहावा पुठ्ठा माझ्या मांडीवर राहिला.

गुरुजींनी पाचही पुठ्ठ्यांच्या कडा बोटांनी चाचपल्या आणि म्हणाले, “एवढंच? मी तर भिंतभर समजत होतो.” मोठ्या आवाजाची कथा लहान आकारात सांगितली आहे, हे मी दोन परिच्छेद लिहून पोहोचवू पाहत होते आणि पुठ्ठ्याने ते एका क्षणात केले. म्हणून वर्णन ऐकताना प्रत्येकाच्या हाती असा एक पुठ्ठा द्यायचा, ही प्रकल्पात घातलेली पहिली भर.

२ मार्च

पहिल्या दोन फळ्यांचा मसुदा पूर्ण झाला. पहिलीत मारागातो फ्राय पेद्रोवर बंदूक रोखून धमकावतो. दुसरीत फ्राय पेद्रो त्याच्यापुढे जोडा धरतो आणि बंदूक बाजूला ढकलण्याच्या तयारीत असतो. रंग मोजके, तपकिरी आणि करड्या छटांचे. फटकारे रुंद आणि मोकळे. परिसराचे तपशील जवळपास गाळलेले. एवढ्या गाळणीनंतर जे उरते ते म्हणजे दोन माणसे, एक शस्त्र आणि एक जोडा.

या जोड्यावर मी जरूरीपेक्षा जास्त रेंगाळले असे वाटते, तरीही तो भाग कापणार नाही. ज्या शाखेचे नावच ‘अनवाणी’ तिचा बंधू दुसऱ्याला पादत्राण देऊ करतो आहे. आणि घोडा, बंदूक, दहशत एवढे सगळे बाळगणाऱ्या माणसाला या क्षणी गरज आहे ती पायातल्या जोड्याची. घोडेस्वार लुटारू म्हटला की त्या काळातील युरोपीय चित्रकला त्याला पिसांची टोपी आणि वाऱ्यावर उडणारा अंगरखा देऊन देखणा करून टाकते. गोयाने तसे काहीच केलेले नाही. त्याचा वाटमाऱ्या थोराड, ओबडधोबड आणि गरजू आहे. मसुद्यात मी ‘क्रूर’ हे विशेषण तीनदा वापरले होते. तिन्ही काढली, कारण त्याचे क्रौर्य ऐकणाऱ्याला बंदुकीच्या रोखावरून कळते आणि विशेषणाने ते उलट पुस्तकी होते.

एक चूकही दुरुस्त केली. दुसऱ्या फळीच्या वर्णनाच्या शेवटी मी लिहिले होते, ‘आणि पुढच्याच क्षणी तो बंदूक हिसकावणार आहे’. चित्र पाहणाऱ्याला शेजारची तिसरी फळी दिसत असते, म्हणून त्याला हे कळते. पण ऐकणाऱ्याच्या हाती अजून दुसराच पुठ्ठा आहे. माझी माहिती त्याच्या आधी धावता कामा नये. आता वाक्य असे आहे : ‘एका हातात जोडा आहे, दुसरा हात बंदुकीच्या जवळ आला आहे.’

९ मार्च

तिसरी आणि चौथी. तिसरीत बंदुकीसाठी झोंबाझोंबी आहे आणि तिच्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. दोन शरीरे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की वर्णन जितके लांबेल तितके ती सुटी होत जातात. पाच वाक्यांत संपवली.

चौथीत फ्राय पेद्रो बंदुकीच्या दस्त्याने मारागातोला तडाखा देतो. इथे ठासणीच्या बंदुकीची ती कोरडी माहिती कामाला येते. बंदूक हातात आली तरी फ्राय पेद्रो प्रथम तिचा बार उडवत नाही, तिचा सोटा करतो. आणि त्यामुळेच नळीतली एकमेव गोळी पाचव्या फळीसाठी शिल्लक राहते. हे दयेमुळे झाले, गोंधळामुळे झाले की दोन हातांच्या अंतरावर दस्ताच सोयीचा होता म्हणून झाले, यावर गुरुजी आणि मी अर्धा तास वाद घातला. त्यांचे मत असे पडले की मठात लाकडे फोडणाऱ्या माणसाच्या हाताला सोटाच आधी कळणार. वर्णनात यांतले काहीच घातले नाही. ‘बंदूक उलटी धरली आहे, नळी हातात आणि दस्ता वाटमाऱ्याकडे’ एवढेच ठेवले.

१४ मार्च

पाचवी फळी. हिच्यासाठीच खरे तर हा प्रकल्प घेतला होता आणि हिनेच सर्वांत जास्त छळले.

पहिल्या मसुद्याचे पहिले वाक्य असे होते : ‘फ्राय पेद्रो मारागातोवर गोळी झाडतो आणि त्याचा घोडा उधळतो.’ वाक्य वाचून दाखवताच गुरुजींनी दोन प्रश्न विचारले. “ताई, घोडा कोणाचा? आणि गोळीच्या आवाजानं उधळला का?”

पहिला प्रश्न सर्वनामाचा होता आणि तो सहज सुटला. दुसऱ्याने मात्र माझी संध्याकाळ घेतली. ‘आणि’ या दोन अक्षरांनी मी चित्रात नसलेले कारण चित्रात घुसवले होते. मराठीत आधी आलेली क्रिया कारण वाटते आणि मागून आलेली परिणाम, हे बोलताना आपल्या ध्यानातही येत नाही. घटनेची हकिकत याच्या उलट दिशेने जाते : मारागातोला घोड्याकडे पोहोचायचे होते, कारण खोगिराला त्याची आणखी हत्यारे होती, घोडा हाती लागला असता तर कथा पुन्हा पहिल्या फळीवर गेली असती. चित्र मात्र यांपैकी कोणताच क्रम सांगत नाही. घोड्याचे उधळणे, बार उडणे आणि माणूस जायबंदी होणे या तिन्ही क्रिया एकाच पृष्ठभागावर एकाच वेळी आहेत, तर माझ्या भाषेला त्या एकीमागून एक लावल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

१६ मार्च

पाचव्या फळीचे एकूण सहा मसुदे झाले. ‘घोडा उधळत असताना फ्राय पेद्रो गोळी झाडतो’ यात एककालिकता येते, पण घोडा गौण वाक्यात जाऊन पडतो. ‘घोड्याकडे धावणाऱ्या मारागातोवर गोळी झाडली जाते’ हे मराठीच्या वळणाला धरून आहे, मात्र या कर्मणी प्रयोगात फ्राय पेद्रोच नाहीसा होतो. भूतकाळात लिहावे तर चित्र संपून बातमी होते.

शेवटी वाक्याची सुरुवात क्रियेने न करता अंतराने केली. आताचा पाठ असा आहे : ‘पाचवी फळी. मारागातो आणि त्याचा घोडा यांच्यात आता अंतर पडले आहे. घोडा उधळला आहे. बंदूक फ्राय पेद्रोच्या हातात आहे, या वेळी सरळ धरलेली, आणि तिचा बार उडाला आहे. मारागातोला मांडीत गोळी लागली आहे.’ चारही क्रिया ‘आहे’वर संपतात, त्यामुळे कोणती आधी आणि कोणती नंतर याचा निवाडा होत नाही, आणि स्वार घोड्यापासून तुटला आहे, ही गोष्ट सर्वांत आधी कानावर पडते. वाटमाऱ्याचे बळ घोड्यात होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

गुरुजींनी ऐकले, क्षणभर थांबले आणि हसले. “मांडीत लागली म्हणता? म्हणजे पाठमोरा असणार.” त्यांचे हसणे मला बरे वाटले, कारण चित्रातही हा विनोद आहे आणि मी तो माझ्या गंभीर भाषेखाली दडपते आहे की काय, अशी शंका होती. रस्त्यावरच्या चित्रपत्रकांतल्या नायक-खलनायकाच्या मारामारीचा रांगडेपणा गोयाने मुद्दाम राखला आहे; पुढच्या काळात अनेकांनी या मालिकेची तुलना चित्रकथेशी केली ती त्यामुळेच.

२१ मार्च

ध्वनिमुद्रणात मदत करणाऱ्या तरुणाने सुचवले की पाचव्या फळीखाली टापांचा आणि बंदुकीचा आवाज घालावा. सूचना मनापासून होती आणि मलाही मोह झाला. पण १७९२-९३ च्या आजारपणानंतर गोया पूर्णपणे बहिरा झाला होता आणि ही चित्रे रंगवली तेव्हा त्या बहिरेपणाला १३ वर्षे झाली होती. म्हणजे त्याच्यासाठी हा बार आवाजाचा नव्हता; तो शरीराच्या वळणाचा होता. मी हे कारण गुरुजींना मोठ्या गांभीर्याने सांगितले, तर ते म्हणाले, “ते राहू द्या हो. टापा वाजल्या की मला तुमचे शब्द ऐकू येत नाहीत, एवढं कारण पुरे आहे.” आवाज रद्द केला. चौथ्या आणि पाचव्या फळीमध्ये मात्र चार सेकंदांची शांतता ठेवली आहे, पुठ्ठा बदलायला तेवढा वेळ लागतो म्हणून.

२५ मार्च

पैशांची एक नोंद, प्रास्ताविकात घालावी की नाही हे अजून ठरलेले नाही. १७८७ च्या देयकात घोडागाडीवरील दरोड्याच्या एका चित्राची किंमत ३,००० रेआल (त्या काळचे स्पॅनिश चलन) लावली होती. जून १८१२ मध्ये गोयाची पत्नी होसेफा वारल्यावर घरातील चित्रांची जी यादी झाली, तीत मारागातोची सहाही चित्रे मिळून ७०० रेआल धरली आहेत. अर्थात पहिली रक्कम सरदाराने मोजायची होती आणि दुसरी घरच्या वाटणीपुरती होती. शिवाय पहिले चित्र १६९ सेंटीमीटर उंच आहे. तरीही १८१२ पर्यंत ही चित्रे चित्रकाराच्या घरातच होती, ही बाब मला किमतीपेक्षा जास्त सांगून जाते. शिकागोला ती मार्टिन रायर्सन या उद्योजकाच्या संग्रहातून १९३३ मध्ये आली. घालणार असेन तर एवढेच घालीन.

२८ मार्च

सहावी फळी आज ध्वनिमुद्रित झाली. फ्राय पेद्रो मारागातोला दोराने बांधतो. गुरुजींनी विचारले की तो आपल्या कमरेचीच दोरी सोडून बांधतो की काय, कारण या पंथाचे बंधू झग्यावर गाठी मारलेली दोरी बांधतात हे त्यांना ठाऊक होते. कल्पना फार आकर्षक आहे. मात्र शीर्षकात दोर एवढेच आहे आणि मीही तेवढाच ठेवला. ‘कासरा’ आणि ‘दोरखंड’ हे दोन्ही शब्द म्हणून पाहिले. कासऱ्याने बैल दिसू लागला आणि दोरखंडाने विहीर.

मुद्रण चालू असताना १७८७ च्या देयकातले ते शब्द पुन्हा आठवले. त्या चित्रात बांधण्याच्या बेतात आहेत ते दरोडेखोर, आणि बांधली जाणार आहेत ती वाटसरू माणसे. सुमारे १९ वर्षांनी त्याच चित्रकाराच्या हातून दोर दुसऱ्या बाजूला गेला आहे. हे वाक्य वर्णनात नाही, प्रास्ताविकातही नाही; इथेच असू द्यावे.

फाशीचा उल्लेख कुठे करायचा हा प्रश्न राहिला होता. गोयाने सातवी फळी रंगवली नाही, म्हणून वर्णनातही फाशी नाही. ज्यांना हवी त्यांच्यासाठी ती वेगळ्या ध्वनिफितीत दिली आहे. सहाव्या फळीचे शेवटचे वाक्य मी आधी ‘त्याने त्याला बांधले’ असे लिहिले होते. चित्रात बांधणे अजून चालू आहे. मुद्रणाच्या वेळी ते बदलून असे वाचले : ‘तो बांधतो आहे, गाठ अजून बसायची आहे.’ ध्वनिफीत १ मिनिट ४० सेकंदांची झाली.